सत्तावीस नंबरचा खुंटा

"या नियमाला अपवाद नाही," एवढं वाचून हेडक्लार्कनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. सभागृहात बसलेले अकराच्या अकरा सभासद एकमेकांची तोंडं बघायला लागले.

"पुढचं पान राहिलं का तुमचं?" बर्फाच्या कारखान्याचे मालक, म्हणजे बर्फवाले, यांनी विचारलं.

"पुढचं पान नाही. नियम इथेच संपला."

"असा कसा संपेल? कंसातलं कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. त्या गावच्या परिषदेत नियम व्हायचा तो मुळी कंसासाठीच. आधी मजकूर यायचा आणि त्याच्या मागोमाग, वऱ्हाडामागे सामान यावं तसा, कंस यायचा. किनाऱ्यावर कुत्री फिरवू नयेत (अध्यक्षांचा कुत्रा सोडून). धक्क्याच्या रस्त्यावर सायकल चालवू नये (पोस्टमन सोडून, पोस्टमनचा मेहुणा सोडून). दुपारी दोन ते चार भोंगा वाजवू नये (बर्फाचा कारखाना सोडून). अडुसष्टाव्या नियमातून तर इतकी माणसं सोडली होती, की तो शेवटी गावातल्या एकट्या न्हाव्याला लागू राहिला होता, आणि असा काही नियम आहे हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

हे सगळे नव्याण्णव नियम हेडक्लार्कनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. चौतीस वर्षं ते हेच करत होते. गाव त्यांना कलमकाका म्हणायचं, कारण माणूस घरातसुद्धा कलमं पाडून बोलायचा. "कलम एक, डबा भरलाय का? कलम दोन, छत्री कुठे आहे?" असं विचारल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. शेजारच्या गावांचे नियम वरच्या कचेरीतून लाल शाईने रंगून परत यायचे. कलमकाकांच्या नोंदवहीत चौतीस वर्षांत लाल रेघ उमटली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

पण कंस त्यांना सलत होते. आपण बेतून, मापून सदरा शिवावा आणि ज्याने त्याने येऊन त्याला आपापल्या घरचं ठिगळ लावावं, तसं त्यांना वाटायचं. निवृत्तीला आता तीन महिने उरले होते, आणि हा नियम शंभरावा होता. तो बिनठिगळाचा जाईल, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

नियम होता किनाऱ्याबद्दल. गावाचा किनारा चांगला मैलभर लांब, पण वाळू दिसायला जागा उरली नव्हती. मोडक्या खुर्च्या, रिकामी पिंपं, हातगाड्या, कोणाच्या तरी लग्नातलं फाटकं तंबूकापड, आणि दार नसलेलं एक कपाट, ज्यात मांजर व्यायली होती. कलमकाकांनी चार कलमांत सगळं बसवलं होतं. सूर्यास्तानंतर किनाऱ्यावर कोणतीही हलती वस्तू ठेवू नये. चार माणसांना उचलता येते ती हलती वस्तू. किनाऱ्यावर दहापेक्षा जास्त माणसांनी सभा भरवू नये. आणि जो मोडेल त्याचं नाव परिषदेच्या दारातल्या फळ्यावर लिहावं.

"पण किनारा संपतो कुठे?" एका सभासदाने विचारलं. त्याची तीन पिंपं किनाऱ्यावर होती.

"ते आपण ठरवायचंच नाही," कलमकाका म्हणाले. ते याच प्रश्नाची वाट बघत होते. "ते समुद्र ठरवेल. नियम लागू होईल त्या दिवशी भरतीचं पाणी जिथवर येईल, तिथे तिथे मुकादम खुंटा ठोकेल. खुंट्यांच्या अलीकडे गाव, पलीकडे किनारा. आपण रेघ मारली असती तर ती प्रत्येकाच्या दारापाशी वाकडी झाली असती. समुद्राला मेहुणा नसतो."

अध्यक्षबाईंनी सभेवरून नजर फिरवली. "कोणाची हरकत?"

अध्यक्षबाई गावातल्या एकुलत्या एक दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्यासमोर आपणहून तोंड उघडायची सवय गावात कोणालाच नव्हती. त्यांचा स्वतःचा कुत्रा आता म्हातारा होऊन पायपुसण्यावरून उठत नव्हता, त्यामुळे त्यांनाही किनाऱ्याचं फारसं पडलेलं नव्हतं. नियम एकमताने पास झाला.

त्याच संध्याकाळी चहावाली मावशी कलमकाकांच्या टेबलाशी आली. तिची गाडी एकोणीस वर्षं परिषदेच्या मागच्या पायऱ्यांखाली, वाळूत उभी होती. चाकं इतकी रुतली होती, की ती गाडी आहे हे मावशीसुद्धा विसरली होती. तिने काकांचा नेहमीचा बिनसाखरेचा चहा ठेवला.

"काका, मला तेवढी कंसात घाला ना. एवढीशी जागा लागेल."

"मावशी, तुम्हाला घातलं की पिंपवाल्यांना घालावं लागेल. मग त्यांच्या मेहुण्याला."

"रोज संध्याकाळी गाडी चढावर ओढायची या वयात?"

काकांना वाईट वाटलं. पण मान त्यांनी हलवली नाही. "अपवाद नाही. कोणालाच नाही."

मावशीने त्यांच्याकडे जरा वेळ रोखून बघितलं. "कोणालाच नाही ना? बघा हं काका. मी लक्षात ठेवीन."

आता या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली. नियम कोणत्या तारखेपासून लागू करायचा हे काकांच्या हातात होतं, आणि त्यांनी तारीख निवडली ती आपण नोकरीला लागलो ती. शंभरावा नियम आणि चौतीस वर्षं एकाच दिवशी पूर्ण व्हावीत, एवढाच त्यांचा हट्ट. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक टांगलेलं असे. गावातले होडीवाले रोज येऊन ते बघून जात. काका मात्र चौतीस वर्षं त्याच्याकडे पाठ करून बसले होते. त्या तारखेपुढे छापलं होतं: पौर्णिमा, वर्षातलं सर्वांत मोठं उधाण.

उधाण आलं. त्यात वारा समुद्राकडून. परिषदेची इमारत म्हणजे पूर्वीचं होड्या ठेवायचं गोदाम, त्यामुळे मागची बाजू वाळूत आणि पुढचं दार रस्त्यावर. पाणी मागच्या पायऱ्या चढलं, इमारतीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे आलं, पुढच्या दाराशी एकमेकांना भेटलं आणि सर्वांत खालच्या पायरीवर शेवाळाची एक हिरवी दोरी ठेवून आल्या वाटेने परत गेलं. काका त्या वेळी आत खिडक्या लावून नियमाची पक्की प्रत काढत होते. पायातली चप्पल ओली झालेली त्यांना जाणवली. माठ गळतोय, असं म्हणून त्यांनी पाय वर घेतले आणि पुढचं वाक्य लिहिलं.

सूर्यास्ताला तासभर असताना मुकादम मावशीच्या गाडीपाशी पोचला. मुकादम हा सहा फुटी, सरळ मनाचा माणूस. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करणारा.

"मावशी, गाडी हलवा. नियम आहे."

"हलवते की. आधी खुंटे दाखव."

"खुंटे काय बघायचे? ठोकलेत."

"एकोणीस वर्षांची जागा सोडतेय मी. कुठवर सोडायची ते नको बघायला?"

मावशी मोजत निघाली. एक, दोन, तीन. धक्क्याशी नऊ. जाळी वाळवायच्या कठड्याशी सतरा. तिच्यामागे पिंपवाले, त्यांच्यामागे दोनचार रिकामटेकडे. सव्विसावा खुंटा रस्त्याच्या कडेला होता. सत्तावीस नंबरचा खुंटा परिषदेच्या पुढच्या दाराशी, सर्वांत खालच्या पायरीला चिकटून उभा होता, आणि त्याच्या टोकाला मुकादमने पुरावा म्हणून शेवाळ गुंडाळलं होतं.

मावशीने कमरेवर हात ठेवले आणि दारातून आत हाक मारली. "काका! तुमचं टेबल खुंट्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हो?"

काका बाहेर आले. त्यांनी खुंटा बघितला. मग इमारत बघितली. मग पुन्हा खुंटा बघितला. त्यांनी मुकादमकडे वळून विचारलं, "हे काय केलंस?"

"पाणी आलं तिथे ठोकला, साहेब. तुम्हीच म्हणालात, समुद्राला मेहुणा नसतो."

"पण ही परिषद आहे!"

"ते समुद्राला कुठे माहीत?" मुकादम प्रामाणिकपणे म्हणाला. मग जरा जवळ येऊन हळूच बोलला, "उपटू का? मागे नेऊन ठोकतो. कोण बघतंय?"

"मी बघतेय," मावशी म्हणाली.

काकांना दिसत होतं, की हा खुंटा आज हातभर सरकला तर उद्या सगळे सत्तावीस सरकतील, आणि शंभरावा नियम इतर नव्याण्णवांच्या शेजारी जाऊन बसेल. आयुष्यात एक तरी गोष्ट त्यांनी सरळ लिहिली होती. सूर्य पाण्यापासून चार बोटं वर होता.

"मीपण बघतोय," ते म्हणाले. "टेबल उचला."

टेबल निघालं. खुर्च्या निघाल्या. लोखंडी कपाटापाशी काकांना थोडी आशा वाटली. त्यात नव्याण्णव नियमांच्या फायली होत्या; ते चौघांना उचललं नाही तर नियमाप्रमाणे हलती वस्तू नव्हेच. एका कोपऱ्याला मुकादम लागला, दुसऱ्याला पिंपवाले, तिसऱ्याला बर्फवाले, जे फक्त गंमत बघायला आले होते. चौथ्या कोपऱ्याला स्वतः काका. "हं," म्हणून जोर लावला आणि कपाट मुकाट्याने वर आलं. काकांना कपाटाचा एवढा राग पूर्वी कधी आला नव्हता.

सामान ठेवायचं कुठे? रस्त्यापलीकडे समोरच काकांचं घर, आणि खाली काकूंच्या शिवणक्लासचा व्हरांडा. काकू शिवणयंत्रावरून उठल्या. त्यांनी टेबल बघितलं, अकरा खुर्च्या बघितल्या, आणि चौघांच्या हातावर हेलकावे खात येणारं कपाट बघितलं.

"अहो, चौतीस वर्षं कचेरी डोक्यात घालून घरी आणत होतात, तेवढ्याने भागलं नाही का?"

"अगं, नियम आहे."

"कोणी केला?"

काकूंनी शिवणयंत्र सरकवून जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सामान परत आत गेलं. संध्याकाळी परत बाहेर आलं. आत राहिलं फक्त भिंतीवरचं घड्याळ. ते एका माणसाला सहज उचलता येतं हे मावशीनेच दाखवून दिलं, तेव्हा काकांनी खडू घेतला आणि परिषदेच्या दारातल्या फळ्यावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: नगरपरिषद, घड्याळ एक. ते लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते.

मग महिन्याची सभा आली. सभासद अकरा, मर्यादा दहाची.

"एकाने घरी राहावं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बाई, तसं नाही चालणार. नियम एक्केचाळीसप्रमाणे सर्व सभासदांना सभेत बसवणं बंधनकारक आहे," काका म्हणाले. तो नियमही त्यांचाच.

"मग सभा रस्त्यावर घ्या."

"नियम बेचाळीस. सभा सभागृहातच."

"तुम्ही आणखी काय काय लिहून ठेवलंय, हो?" बाईंनी ज्या स्वरात विचारलं, त्या स्वरात त्या एरवी किडलेली दाढ शोधत असत.

अखेर खिडकीने वाट दाखवली. रस्त्याकडची खिडकी खुंट्यापासून वीतभर अंतरावर होती. दहा सभासद आत बसले आणि अकरावे, म्हणजे बर्फवाले, रस्त्यावर छत्री घेऊन खिडकीत डोकं घालून बसले. काका लिहून घ्यायला दाराच्या खालच्या पायरीपलीकडे स्टूल टाकून बसले आणि ऐकू येईना म्हणून दर वाक्याला "काय म्हणालात?" असं ओरडायला लागले. मत द्यायच्या वेळी बर्फवाल्यांचा हात खिडकीतून आत यायचा. एकदा एका सभासदाने चुकून त्या हातावर चहाचा कप ठेवला आणि तो ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी पास झाला.

गाव हसलं. पहिले आठ दिवस माणसं सूर्यास्ताला रस्त्याच्या कठड्यावर येऊन बसायची, जत्रेला यावं तशी. पण रोज तीच गंमत बघता बघता लोकांना चुळबुळ सुटली. अध्यक्षबाई दवाखाना बंद करून यायच्या, पदर खोचायच्या आणि स्वतःची मोठी खुर्ची स्वतः डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडायच्या. त्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःची मोडकी खुर्ची वाळूत ठेवून घरी जायचा धीर कोणाला होणार? पहिल्यांदा पिंपं गेली. मग तंबूकापड गेलं. कपाटातल्या मांजरीला पिल्लांसकट पोस्टमनच्या मेहुण्याने घरी नेलं आणि ते कपाटही गेलं. बघणारे कठड्यावरून उतरून खुर्च्यांना हात लावायला लागले, आणि कोणी कोणती खुर्ची उचलायची यावर मानपान सुरू झाले.

आणि मावशी? ती रोज आपली गाडी चढावर ओढून न्यायची, खुंट्याच्या अलीकडे लावायची आणि मग सगळ्यांच्या पुढे उभी राहायची. "डावीकडून! डावीकडून! बर्फवाले, गुडघ्यात वाका, पाठीत नाही! बाई, उंबरा बघा!"

एका सकाळी काका मागच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत किनारा दिसला. नुसती वाळू, आणि तिच्यावर पाखरांच्या पावलांच्या ओळी. चौतीस वर्षांत त्यांनी लिहिलेलं काहीही असं डोळ्यांना दिसलं नव्हतं. हे आपण केलं, असं ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, आणि वळायला गेले तेव्हा पाठीत अशी कळ आली, की ते तसेच तिरके उभे राहिले.

पाठ बरेच दिवस कुरकुरत होती. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने दिवसातून दोनदा कपाटाचा कोपरा उचलावा, हे तिला पसंत नव्हतं. दोन महिने होत आले तेव्हा काकांना चपलेचा पट्टाही लावता येईना. काकूंनी गरम पिशवीने पाठ शेकली आणि कमरेला बांधायचा रुंद पट्टा शिवून दिला.

"अहो, मी म्हणते, एक कंस घाला ना. एवढासा."

"अगं, काय बोलतेस?"

"कचेरी सोडून, एवढंच तर लिहायचं. कोण काय म्हणणार आहे? सगळे दमलेत."

काका त्या वेळी चिडले. पण सबंध रविवार ते टेबलाशी बसून होते, आणि संध्याकाळी त्यांच्यापुढे एका चिटोऱ्यावर तीन शब्द होते: (परिषदेचं कार्यालय सोडून). इतकं वाईट अक्षर त्यांनी जन्मात काढलं नव्हतं. चिटोरा त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. नियम आपला, आणि ठिगळही शेवटी आपल्याच हाताने लागणार, हे त्यांना फार लागलं. पण पाठीपुढे कोणाचं चालतं?

योग असा, की त्याच आठवड्यात वरच्या कचेरीतून तपासणीसाठी एक अधिकारीबाई आल्या. शंभरावा नियम कायम करायचा की नाही, हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी किनारा पाहिला, खुंटे पाहिले, खिडकीतले बर्फवाले पाहिले, आणि सभेत नोंदवही उघडून बसल्या. बसायला आत जागा नव्हती म्हणून त्यांचीही खुर्ची काकांच्या शेजारी, पायरीपलीकडे रस्त्यावर मांडली होती. मागे सगळं गाव उभं होतं.

"असा स्वच्छ किनारा मी आजवर पाहिला नाही," अधिकारीबाई म्हणाल्या, "आणि अशी कचेरीही नाही. नियम उत्तम आहे. फक्त कार्यालयाचा अपवाद घालायचा राहून गेलाय. सगळीकडे असतो. आत्ता ठराव करा, मी सही करते. नाहीतर मला लाल शाई काढावी लागेल."

काकांना एकदम हलकं वाटलं. आपण मागायच्या आतच सुटका समोर आली होती. त्यांचा हात खिशाकडे गेला.

अध्यक्षबाईंनी सवयीने विचारलं, "कोणाची हरकत?"

सवयीने सगळे गप्प बसले. काकांनी चिटोरा अर्धा बाहेर काढला.

"माझी आहे," मागून आवाज आला. मावशी गर्दीतून पुढे आली. "मी सभासद नाही, पण मी बोलणार. बाई, या काकांकडे मी कंसात जागा मागितली होती. हात जोडायचेच बाकी ठेवले होते. नाही म्हणाले. मला राग आला. वाटलं, बघू, यांच्यावर वेळ आली की काय करतात. वेळ आली, आणि यांनी टेबल उचललं. त्या दिवसापासून मी चढावर गाडी ओढते ना, ती कोणाच्या भीतीने नाही ओढत. कचेरी ओढते म्हणून मी ओढते. आता तुम्ही कचेरीला सोडणार असाल, तर मी काय मूर्ख म्हणून ओढत होते?"

मग खिडकीतून बर्फवाल्यांचं डोकं बाहेर आलं. "माझीही हरकत आहे. मी कपाटाचा तिसरा कोपरा आहे."

"माझीही," पिंपवाले आतून ओरडले. "मी दुसरा."

"आमच्या गावात अपवाद नसतो, बाई," पोस्टमनचा मेहुणा म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून यावं, याचं कोणालाही नवल वाटलं नाही.

अध्यक्षबाई उठून दारात आल्या. "माझी खुर्ची मी उचलते," त्या अधिकारीबाईंना म्हणाल्या. "मला सोडा असं मी कोणाला सांगितलेलं नाही."

अधिकारीबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं. त्या काकांकडे वळल्या. "नियम तुम्ही लिहिलात. तुमचं काय म्हणणं आहे?"

"काकांना काय विचारता?" मावशी म्हणाली. "ते मोडतील, पण वाकणार नाहीत."

वाकता तर त्यांना खरोखरच येत नव्हतं. काकांनी गावाकडे बघितलं. चौतीस वर्षं ज्यांनी त्यांच्याकडे येऊन फक्त 'मला सोडा' म्हटलं होतं, ती सगळी माणसं समोर ताठ उभी होती आणि कोणीही सुटायला तयार नव्हतं. त्यांनी खिशातला चिटोरा काढला, चष्मा उतरवला, आणि त्या चिटोऱ्याने दोन्ही काचा सावकाश पुसल्या.

"या नियमाला अपवाद नाही," ते म्हणाले.

अधिकारीबाईंनी लाल पेनाला टोपण घातलं आणि निळ्या शाईने नोंदवहीत लिहिलं: नियम वाचला. पाळताना पाहिला. कायम. शाई वाळायची त्या वाट बघत होत्या, तेवढ्यात मावशीने त्यांच्या खांद्याला हात लावला.

"बाई, उठा. सूर्य चार बोटांवर आलाय."

"पण माझी खुर्ची तर खुंट्याच्या अलीकडे आहे ना?"

"तुमची अलीकडे आहे हो. आतल्या दहा न्यायच्यात."

अधिकारीबाईंनी क्षणभर विचार केला, नोंदवही काखेत मारली, आत गेल्या आणि एक खुर्ची उचलून रांगेत उभ्या राहिल्या.

महिनाअखेरीला काका निवृत्त झाले. सत्कार झाला, शंभर जणांनी हात जोडले; शंभरावा न्हावी होता, आणि अडुसष्टावा नियम त्याला अजूनही माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते व्हरांड्यात पाठीशी उशी घेऊन बसले. काकूंनी धुवायच्या सदऱ्यातून एक चुरगळलेला चिटोरा काढून त्यांच्यापुढे धरला. "हे काय आहे?"

"चष्मा पुसायचा कागद आहे."

काकूंनी वाचला, घडी घातली आणि सुयांच्या डबीत ठेवून झाकण घट्ट लावलं.

रस्त्यापलीकडून मुकादमची हाक आली. "काका, चला! कपाट!"

"अरे, मी निवृत्त झालो कालच!"

मावशी आपली गाडी ओढत चढावरून येत होती. ती थांबली, तिने पदराने कपाळ पुसलं आणि काकांकडे बघितलं. "निवृत्त माणसं सोडून, असं लिहिलंय का कुठे?"

काकांनी मनातल्या मनात पहिल्यापासून शंभराव्यापर्यंत सगळे नियम चाळले. अक्षर सुंदर होतं. पळवाट कुठेच नव्हती.

"अगं," ते आत बघून म्हणाले, "माझा पट्टा दे."

पट्टा काकूंच्या हातात आधीच होता. तो कमरेला बांधून काका ताठ चालत रस्ता ओलांडून गेले आणि कपाटाच्या चौथ्या कोपऱ्याला लागले.